एल्याशीबचा अंगरखा

मंदिरात याजकांना कपडे चढवणं हे माझं काम. विजार, अंगरखा, पट्टा, फेटा. चारांतला एक कमी पडला तरी आत केलेली सेवा फुकट. फाटका चालत नाही, आखूड चालत नाही, मळका तर नाहीच, आणि धुऊन पुन्हा घालायची आमच्यात रीत नाही. कापड आणि कातडी यांच्यामध्ये एक दोरा अडला तरी सेवा बाद. तीस वर्षं मी कापड बघत आलो, माणसं बघायची राहूनच गेली.

एल्याशीब हेब्रोनकडच्या डोंगरातला गरीब याजक. वर्षातून दोनदा, त्याच्या घराण्याच्या पाळीचा आठवडा आला की, पायी यायचा. आत जाऊन धूप जाळायचा, एवढीच त्याची आस. जन्मात एकदाच मिळतो तो मान. सकाळी गोल करून उभं राहायचं, बोटं पुढे करायची, मोजणी थांबेल त्याची पाळी. सव्वीस वर्षं त्याच्यापाशी थांबली नाही.

"मत्तना, देव माझं बोट सोडून सगळी मोजतो बघ," असं म्हणून स्वतःच हसायचा.

त्या शरदात मोजणी थांबली. धावतच माझ्याकडे आला. अंगातलं काढलं आणि मी बघतच राहिलो. खांद्याखाली पट्टी बांधलेली.

"हे काय रे?"

"काल मंदिराच्या जिन्यावर. मोठ्या घरचा तो याजक, मल्किया, खाली उतरत होता. त्याच्या गड्यांनी वाट करायला काठ्या चालवल्या. शेलोमितने बांधलंय. माझी बायको, या खेपेला सोबत आलीय. तिचं काय चुकलं?"

"एल्याशीबा, पट्टी ठेवलीस तर सेवा बाद. काढलीस आणि रक्त लागलं तर अंगरखा बाद."

"इकडे आड तिकडे विहीर. तू पाहिलीच नाहीस असं समज ना."

"असाच आत गेलास तर देवाच्या कोपाने मरशील मूर्खा. माझ्यावरही येईल."

मग त्यानेच पट्टी सोडली. मी राख दाबली, रक्त थांबेपर्यंत थांबलो, खांदा पुसून कोरडा केला. राखेचा कणही उरू दिला नाही. अंगरखा चढवला, पट्टा गुंडाळला. घोट्यापर्यंत बरोब्बर बसला होता. मला वाटलं, जमलं.

धुपाचं भांडं उचलायला त्याने हात वर केला आणि खपली फुटली. बोराएवढा लाल डाग. सगळ्यांत आधी दिसला तो मल्कियाला. गोलात त्याच्या शेजारीच उभा होता, अजून तिथेच घुटमळत होता.

"कपडा मळलाय याचा," तो म्हणाला. "कायदा म्हणजे कायदा."

त्याचा स्वतःचा अंगरखा आईने विणलेला, इतका झिरझिरीत की आतली बेंबी दिसावी. त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही. मीही नाही. मोठ्या घरची बेंबी कायद्याला दिसत नाही. पाळी शेजारच्याला गेली, म्हणजे मल्कियालाच. ज्याच्या काठीने डाग पडला, तोच धूप घेऊन आत गेला. थू.

बाद झालेले अंगरखे फाडून आम्ही आतल्या समईच्या वाती करतो. एल्याशीब माझ्या समोर बसून राहिला. मी फाडत होतो. डागाचा तुकडा बाजूला पडला.

"तेवढा दे मत्तना. बांधतो. अजून वाहतंय."

"देवाचं कापड आहे. घरी वापरलं तर पाप."

खरंच म्हणालो मी हे. तीस वर्षांची जीभ, दुसरं काय म्हणणार?

शेलोमितची मळकी पट्टी त्याने जमिनीवरून उचलली आणि दातांनी गाठ मारली. जाता जाता दारात थांबला.

"समई धुपाच्या वेदीजवळच असते ना?"

"हो. शेजारीच."

"मग अंगरखा तरी आत गेला," तो म्हणाला, आणि गावची वाट धरली. सहा महिन्यांनी, पुढच्या पाळीला त्याचं घराणं आलं, तो आला नाही.