स्क्रीनवरचं प्लॅस्टिक

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या कंट्रोल रूममध्ये मी जुने डबडे मॉनिटर काढून नवे चपटे बसवले. कन्सोलची भोकं जुळेनात, म्हणून मॉनिटर धरायच्या पट्ट्याही नव्यानं कापल्या. शेवटी स्क्रीनवरचं प्लॅस्टिक सोलायला गेलो, तर मॅनेजर अंगावरच आला. "पावणं, त्याला हात लावायचा न्हाय. मालक पूजेला येणार हाईत. त्यास्नी नवं दिसाय पायजे की."

मालक आले, हळदीकुंकू लावून गेले. प्लॅस्टिक राहिलं.

चार वर्षांनी त्यातला एक मॉनिटर बंद पडला, म्हणून मला पुन्हा बोलावलं. सगळ्यांवर प्लॅस्टिक तसंच होतं, फुगे आलेलं, कुंकवानं माखलेलं. भट्टीचं तापमान वाचता यावं म्हणून ऑपरेटरनं शेजारच्या चालू मॉनिटरवर ब्लेडनं तेवढीच खिडकी कापली होती. बाकीचे आकडे सगळे अंदाजानं वाचत होते. इंजिनिअर म्हणवणारी ही माणसं, आणि चार वर्षांत एकालाही ते ओढून फेकायचं सुचलं नव्हतं.

बंद मॉनिटरवरचं ते मी एका हिसक्यात सोललं. त्या बंद मॉनिटरच्या काचेवरून बोट फिरवत मॅनेजर अभिमानानं म्हणाला, "बघा पावणं, एक ओरखडा न्हाय."