पुडी बांधण्याआधी

“भाभी, दुकान मानवलंय बरं का तुमाला. पोट बघा जरा.”

पिंपळवंडीचे एक ओळखीचे शेतकरी तेलाचा डबा उचलता उचलता बोलले आणि दुकानातले चार-पाच जण हसले. गल्ल्यामागे बसलेल्या भाभीही हसल्या. “तुमच्याच गावचा गूळ खाते ना, पावणं. दोष त्याचा,” म्हणाल्या आणि पदर पुढून ओढून घेतला. दिवाळीनंतरचे दिवस होते. मी पुण्याहून सुट्टीला आले होते. नारायणगावला उतरलं की पिंपळवंडीची जीप भरेपर्यंत भाभींच्या दुकानाच्या पायरीवर टेकायचं, ही माझी कितीतरी वर्षांची सवय. हसणाऱ्यांत मी नव्हते. पण बोलणाऱ्यांतही नव्हते… भाभींना मी चालतं-बोलतं पाहिलं ते त्या दिवशी शेवटचं. होळीच्या आधी त्या गेल्या. त्याला आता दीड महिना होईल, आणि अजूनही डोळे मिटले की मला आधी ते हसू ऐकू येतं, मग ओव्याचा वास येतो.

त्यांचं नाव उमरावबाई, पण गावाला त्या भाभी. राजस्थानातल्या जैन घरातून लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना मराठीचा गंध नव्हता. शिकल्या त्या गिऱ्हाइकांकडून, म्हणून त्यांची बोली येडगाव-पिंपळवंडीच्या बायकांची होती. फक्त आम्हा मुलींना त्या ‘छोरी’ म्हणायच्या. मला इंग्रजी शाळेत घालायचं ठरलं तेव्हा, म्हणजे नव्वदनंतरच्या वर्षांत, आई आणि मी त्यांच्या दुकानामागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायला आलो. वडील पिंपळवंडीला शेतीपाशी राहिले. दर शनिवारी आम्ही जीपने तिकडे जायचो. मी फारसं बोलायची नाही. शाळेत इंग्रजी नीट येत नव्हतं म्हणून, आणि गावाकडे गेलं की इंग्रजी शाळेतली म्हणून.

दुपारी एक ते तीन भाभींचे यजमान जेवून पडायचे. शटर अर्धं खाली ओढलेलं असायचं आणि गल्ल्यावर भाभी बसायच्या. ते दोन तास बायकांचे होते. कुणी ठरवलेलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. शटरखालून येणारा उजेड पोत्यांवर, डाळीच्या धुळीवर असा पसरायचा की सगळं दुकान पाण्याखाली असल्यासारखं वाटायचं, आणि त्यात बायका आवाज न करता वाकून आत यायच्या. साखर घ्यायच्या, साबण घ्यायच्या. सामान पिशवीत गेलं तरी एखादी हलायची नाही. लाकडी फळीवर तळहात टेकवून नुसती उभी राहायची. मग भाभी जराशा पुढे झुकायच्या आणि अगदी खालच्या आवाजात विचारायच्या, “किती दिस झालं?”

बाई बोटं दाखवायची. दोन. तीन. भाभी वर न बघता डावीकडची तिसरी बरणी ओढायच्या. ओवा, त्याच्या दुप्पट बडीशेप, वर चिमूटभर सुंठ. वर्तमानपत्राचा चौकोनी तुकडा, चार घड्या, कोपरा आत खोचलेला. पुडी बाईच्या पोलक्यात जायची आणि बाई उन्हात.

मी सातवीत होते तेव्हा ती पुडी कशाची ते मला कळलं. शाळेच्या गणवेशाला पट्टा असायचा. महिन्यातले काही दिवस माझं पोट असं तट्ट फुगायचं की नेहमीचं तिसरं भोक लागायचंच नाही. पट्टा पहिल्या भोकावर लावून, वर दप्तर धरून मी दुकानातून घरात शिरायची. आईला सांगायची लाज वाटायची. आईलाही विचारायची लाज वाटत असावी. शाळेत विज्ञानाच्या तासाला सगळं शिकवलं होतं, चित्रं काढून. इंग्रजीत ते मला सहज लिहिता यायचं, कारण इंग्रजीत ते माझं नव्हतं. मग मी माझ्या डोक्याने एक उपाय काढला. पोटात पाणी साचतं असं कुठेतरी ऐकलं होतं, म्हणून मी त्या दिवसांत पाणी पिणंच बंद केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानातून जाताना पोत्याला धरून खालीच बसले.

भाभींनी मला मागच्या बोळात नेलं, भिंतीला टेकवून बसवलं. माझ्या पट्ट्याकडे एकदा पाहिलं.

“पयल्या भोकावर गेलाय व्हय? मला वाटलंच. पाणी किती प्यालीस सकाळपासून?”

मी नाही म्हणून मान हलवली.

“शाब्बास. इंग्रजी शाळेत हेच शिकवत्यात का?” त्यांनी कोमट पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला. “अगं, पाणी कमी पडलं की अंग हाय ते धरून बसतं. तू पीत ऱ्हा, ते सोडत जाईल. घोट घोट. आणि पापड, लोणचं, शेव… चार दिस आधीपासून बंद. मारवाड्याची बाई सांगतीय पापड बंद, म्हंजे बघ काय ते.”

काचेच्या बाटलीत गरम पाणी भरून, ती जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून त्यांनी माझ्या पोटाशी दिली. ओवा-बडीशेपेचं उकळलेलं पाणी पाजलं. आई धावत आली आणि म्हणाली, आल्याचा रस देऊ का, तेव्हा भाभी म्हणाल्या, “द्या की तुमी. आमी आल्याला हात लावत न्हाई. वाळून त्याची सुंठ झाली, की ते आमचं.” दोघी हसल्या. मी बाटली धरून त्या अंधाऱ्या थंड बोळात पडून राहिले. पोटावरची ऊब हळूहळू पसरत गेली, बाहेर जीपवाले ओरडत होते, ते फार लांबून आल्यासारखं वाटत होतं… संध्याकाळी त्यांनी मला उठवलं आणि सांगितलं, “आता पडून न्हाई ऱ्हायचं. चाल जरा. मीना नदीच्या पुलापर्यंत जाऊन ये. वारा सरला की पोट उतरतं.” मी गेले. परत येताना पट्टा दुसऱ्या भोकावर होता. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या शरीराबद्दल माझ्याशी साध्या आवाजात बोललं होतं.

पण भाभींच्या स्वतःच्या चार दिवसांत त्या दुकानात यायच्या नाहीत. त्यांच्याकडे ते फार कडक असे. त्या बोळातच वेगळ्या सतरंजीवर बसायच्या, बरण्यांना, तराजूला शिवायच्या नाहीत. म्हणजे त्यांना स्वतःला पुडीची गरज असायची तेव्हाच ती त्यांच्या हाताला लागत नसे. त्या दुपारनंतर हे काम माझ्याकडे आलं. त्या आतून सांगायच्या, “तिसरी बरणी. मुठीनं घे, चिमटीनं न्हाई. घडी दाब.” पुडी मी त्यांच्यापुढे सतरंजीवर ठेवायची. त्या दिवसांत सुट्टी असली, तर दुपारी फळीवर हात टेकवणाऱ्या बायकांनाही पुडी मीच द्यायची. मला ते काम मनापासून आवडायचं. त्यात बोलावं लागत नव्हतं, असं मला वाटायचं.

एकदा येडगावची एक बाई पुडी घेऊन गेली आणि आतून आवाज आला, “इचारलंस का?”

“काय?”

“किती दिस झालं ते.”

मी बरणीचं झाकण फिरवत राहिले.

“मग पुडी कशाला दिलीस? अगं, बोटावर मोजण्याइतकं असंल तर ओवा. पाळी सरली, धा-पंधरा दिस गेलं, तरी पोट खाली बसत नसंल, दोन घासात भरत असंल, तर ओवा न्हाई. तर ती डॉक्टरीणबाई, स्टँडमागची. ते इचारायचं असतं आधी. पुडी कोन बी बांधंल. जा, धाव.”

मी धावले. ती बाई येडगावच्या जीपमध्ये मागच्या बाजूला बसली होती. आत दहा-बारा माणसं, दोघं टपावर, दोघं मागे लटकलेले. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. सगळ्या माणसांदेखत ते कसं विचारायचं? तिने मला ओळखून मान डोलावली. जीप निघाली. पुढच्या बाजाराच्या दिवशी भाभींनी स्वतः तिला गाठून विचारलं. तिचं काही निघालं नाही. भाभी मला रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, “आवाज न्हाई तुला, छोरी. हात चांगला हाय, पर आवाज न्हाई.”

पुढे मी पुण्याला शिकायला गेले, मग तिथेच नोकरीला लागले. आई पिंपळवंडीला परतली. मागच्या खोल्यांत गोदाम झालं. हमरस्ता मोठा होत गेला, टोमॅटोच्या गाड्या वाढल्या, दुकानात शाम्पूच्या पाकिटांच्या माळा लागल्या. भाभींचे यजमान गेले, मुलगा ललित दुकान बघू लागला. दुपारचे दोन तास मात्र भाभींचेच राहिले. मी पुण्यात मैत्रिणींना ओवा-बडीशेप द्यायची, तशीच चार घड्यांच्या पुडीत. त्या हसायच्या आणि मग पुढच्या महिन्यात पुन्हा मागायच्या.

दिवाळीनंतरच्या त्या दिवशी ते शेतकरी निघून गेल्यावर दुकान रिकामं झालं. मी पायरीवरून उठून आत गेले. भाभींच्या कमरेला कायम चांदीचा आकडा खोचलेला असायचा, त्याला दुकानाच्या, कपाटाच्या, गोदामाच्या चाव्या. चालताना तो वाजायचा, मागच्या खोलीत अभ्यास करताना मला त्यावरून भाभी कुठे आहेत ते कळायचं. त्या दिवशी तो आकडा बरण्यांच्या बाजूच्या खिळ्याला टांगलेला होता. मी त्याच्याकडे बघत राहिले.

“कमरेला रुततो आताशा,” भाभी म्हणाल्या. “छोरी, ती तिसरी बरणी काढ गं. सकाळपासून बघ कसं दगडावानी झालंय.”

त्यांची पाळी जाऊन चार-पाच वर्षं झाली होती, हे मला माहीत होतं. त्यांच्या मनगटाची हाडं वर आली होती आणि पोट पुढे आलं होतं, हे मला दिसत होतं. मी मूठभर ओवा घेतला, दुप्पट बडीशेप, चिमूटभर सुंठ. प्रश्न माझ्या जिभेवर आला होता. तो त्यांचाच प्रश्न होता, त्यांनीच शिकवलेला. पण त्यांना, त्यांच्याच दुकानात, मी विचारायचं? तेवढ्यात ललित आत आला. मी घडी दाबली, कोपरा खोचला आणि पुडी त्यांच्या हातात ठेवली. बाहेर जीपवाला पिंपळवंडी, पिंपळवंडी म्हणून ओरडत होता. “येते भाभी,” म्हणाले आणि निघाले.

पुडी कोणीही बांधेल… मी तेवढंच केलं.

नंतर ललित सांगत होता. पावसाळ्यातल्या पर्युषणाच्या उपवासांपासूनच आईचं जेवण तुटलं होतं. उपवास संपले तरी ती दोन घास खाऊन उठायची. घरात सगळे म्हणायचे, तपाची गोडी लागली आहे. शेजारच्या बायका पाया पडून जायच्या. थंडीत धाप लागायला लागली तेव्हा पुण्याला नेलं. अंडाशयाची गाठ होती, पोटात पाणी झालं होतं, आणि ते सगळं फार पुढे गेलं होतं. ललित हे सांगताना ‘अंडाशय’ म्हणाला नाही. खाली बघून ‘आतली गाठ’ म्हणाला. मी त्याच्याकडे पाहिलं आणि मीही खाली बघितलं. मी विचारलं असतं तर त्या वाचल्या असत्या का, हे मला कुणी सांगू शकलेलं नाही. मी एका डॉक्टर मैत्रिणीला विचारलं, ती म्हणाली, सांगता येत नाही. पण मी विचारलं नाही, हे मात्र सांगता येतं.

गेल्या शनिवारी मी पुन्हा त्या पायरीवर बसले होते. दुपारची वेळ, शटर अर्धं खाली. ते आता ऊन लागतं म्हणून ओढतात. उजेड तसाच पोत्यांवर पसरला होता. गल्ल्यावर ललित, समोर दोन माणसं बियाण्यांच्या भावाबद्दल बोलत बसलेली. आकडा अजून त्याच खिळ्याला आहे, चाव्यांसकट. ललित लागेल ती चावी तिथून काढतो आणि पुन्हा तिथेच अडकवतो. तेवढाच जरा वाजतो.

एक बाई वाकून आत आली. तिशीची असेल, हातात येडगावकडच्या एका शाळेची पिशवी. साबण घेतला, चहाची पुडी घेतली, पैसे दिले. आणि हलली नाही. फळीवर तळहात टेकवून उभी राहिली. ललितने तिच्याकडे न बघता वर्तमानपत्राचा तुकडा फाडला आणि तिसऱ्या बरणीचं झाकण फिरवलं. एवढं त्याला आईकडे बघून येत होतं. बाईचा दुसरा हात पदराखाली पोटाशी होता. माणसं बोलायची थांबली नव्हती. आकडा खिळ्यावर हलत होता, ललितचा कोपर लागला असावा.

मी पायरीवरून उठले. आत गेले. माझे कान तापले होते, ती दोन माणसं माझ्याकडे बघायला लागली होती, ललितची मूठ बरणीतच थांबली होती. भाभी खालच्या आवाजात विचारायच्या. मला खालचा आवाज जमला नाही. मी जीपमध्ये मागे बसलेल्या माणसालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले,

“ताई, थांबा जरा. पोट किती दिवसांपासून फुगलंय? पाळी संपल्यावर उतरतं का?”