लिंबोणीच्या जागी क्रॅब अॅपल

मी कॅनडाला निघाले तेव्हा नंदुरबार स्टेशनावर घरचे सगळे रडत होते. आप्पा, म्हणजे माझे वडील, तेवढे नाही. सुरतेची गाडी लागली तरी ते लोणच्याच्या पिशवीची गाठ आवळत होते. लोणचं दारातल्या लिंबोणीचं. "जठे जाशी तठे झाड लावजो," ते म्हणाले, "पन खावानं लावजो."

तिकडे मी नेमकं उलट केलं. घरासमोर क्रॅब अॅपल लावलं. सफरचंदाच्याच कुळातलं, पण शोभेचं झाड. फळ बोराएवढं, आंबट-तुरट. लोक ते खात नाहीत, ड्राइव्हवेवरून झाडून टाकतात. मी तिथल्या एका नर्सरीत नोकरी करते. मुद्दाम फळ न धरणारी जात मागणारी गिऱ्हाइकं रोज येतात. झाडाकडून इतकी कमी अपेक्षा ठेवणारी माणसं मी दुसरीकडे पाहिली नाहीत. तरी झाड नीट वाढवलं, कारण वाईट काम मला बघवत नाही. हिवाळा सरताना छाटणी, बुडातून येणारे फुटवे वेळच्या वेळी काढणं, पाल्याचा थर द्यायचा पण खोडाला टेकू द्यायचा नाही.

वसंतात आठवडाभर फुलं येतात. तेवढे दिवस आपली मंडळी अशा झाडांखाली उभी राहून फोटो काढतात आणि गावाकडच्या ग्रुपवर टाकतात. यांतल्या एकानेही फावडं हातात धरलेलं नसतं. माझ्या नवऱ्यानेही टाकला, आणि तो माझ्या धाकट्या भावाने, भूषणने पाहिला.

भूषणने पपईच्या पैशांवर जुनं घर पाडून बंगला बांधला होता. मोठं गेट, चकचकीत फरशी, बाहेर सिमेंटचे दोन सिंह. त्याला आता गेटसमोर माझ्यासारखं झाड हवं होतं. मी फोनवर समजावलं की या झाडाला फुलायला कित्येक आठवड्यांची कडक थंडी लागते, आणि आपला हिवाळा म्हणजे सकाळपुरता स्वेटर. तो म्हणाला, "ताई, तुन्हा दारमा फुलस, मंग मन्हा दारमा काबर नही फुलनार?" जणू झाड नातं बघून फुलतं.

त्याने लिंबोणी तोडली. गेटसमोर ती शोभत नव्हती म्हणे. आप्पांना विचारलंसुद्धा नाही. कुठल्याशा डोंगराळ भागातून कुरिअरने रोप मागवलं आणि तिच्या जागी लावलं.

पुढचं आपल्याच लोकांना सुचावं असं आहे. फुलं येईनात, तेव्हा त्याने रोपाला ताण दिला. लिंबाला बहार यावा म्हणून आपण पाणी तोडतो आणि पानं मलूल झाली की खत-पाणी देतो, तसा. बर्फात झोप काढणाऱ्या झाडाला हा नंदुरबारच्या उन्हाळ्यात तहानेने फुलवणार होता. रोपाची काडी झाली. ती काडी त्याने तशीच उभी ठेवली आणि पाहुण्यांना 'फॉरेनचं झाड' म्हणून दाखवत राहिला. पाहुणेही मान डोलवायचे.

या वेळी मी गेले तेव्हा खंगलेल्या आप्पांनी स्वतःच्या तब्येतीचं काही सांगितलं नाही. "दारमा लिंबू पाहिजे," एवढंच म्हणाले. भूषणला त्यांनी आधी सांगून पाहिलं होतं. जागा नाही, असं उत्तर मिळालं. सिंहांना जागा होती.

मी बाजारातून लिंबाचं कलम आणलं, ती काडी उपटून सिंहाच्या पाठीवर टाकली आणि खड्डा केला. भूषण पायरीवर उभा राहून गेटचा लूक जाईल, असं बोलत राहिला. बंगला त्याच्या नावावर आहे, याचीही आठवण करून दिली. मी माती दाबून घेतली. आप्पा काठी टेकत आले आणि कलमाकडे बघत म्हणाले, "लिंबू देखाले ऱ्हासू का मी?"

"तुम्ही पानी टाका," मी म्हटलं. "ते मंग देखू."

तुम्ही गावीच राहिलेले असा की माझ्यासारखे बाहेर पडलेले, घराबद्दल फार गोड लिहिता. माझं साधं आहे. कॅनडात शेजाऱ्याने उद्या अख्खी बाग उपटली तरी मी खिडकीतून कॉफी पीत बघेन. नंदुरबारच्या एका कलमापायी मात्र मी सख्ख्या भावाशी बोलणं टाकलंय, आणि रोज फोन करून आप्पांना विचारते, त्याने हात तर लावला नाही ना. घर म्हणावं असं माझं एवढंच उरलंय, आणि ते त्या मूर्खाच्या गेटसमोर आहे.