अर्ध्या दाढीची लढाई

सलूनवाल्या काकांना गल्लीत सगळे ‘दोनमिनिटे’ म्हणत. हे आडनाव नव्हे, सवय होती. बाकावर पाच माणसं जांभया देत बसलेली असोत, दारातून डोकावणाऱ्या सहाव्याला काका हमखास सांगणार, “बसा हो, दोनच मिनिटं!” लोकांना ताटकळत ठेवण्याचा पंचवीस वर्षांचा अनुभव असलेला हा माणूस नेमका त्या युद्धपटाच्या दिग्दर्शकाला सापडावा, याला योगच म्हणायचा.

कारण युद्धपट असला तरी त्यात युद्ध नव्हतं. अकरा शिपाई खंदकात बसून शत्रूची वाट पाहतात. शत्रू काही येत नाही, आणि वाट पाहून पाहूनच बिचाऱ्यांची वाट लागते, एवढीच गोष्ट. किती दिवस गेले ते प्रेक्षकांना कळायचं शिपायांच्या दाढीवरून. दिग्दर्शक हट्टी. चिकटवलेली दाढी चालणार नाही म्हणाला. त्यामुळे बावीस गालांवर रोज एकच तारीख राखायचं काम काकांकडे आलं. कुणाची दाढी गवतासारखी माजायची, तिला कात्री. कुणाच्या हनुवटीवर चारच केस, तेही रुसल्यासारखे. तिथे काजळाचं बोट. बदल्यात पडद्यावर काकांचं नाव झळकणार होतं. काकूंनी ते अख्ख्या गल्लीला सांगूनही टाकलं होतं. आता नाव आलं नाही, तर गल्लीत तोंड दाखवायची सोय नव्हती.

एकोणतीस दिवस केसालाही धक्का लागला नाही.

तिसाव्या दिवशी शेवटचा प्रसंग होता. उजेड हवा तसा येईना, म्हणून सगळे सकाळपासून खोळंबलेले. नायक कंटाळून काकांच्या खुर्चीत बसला, “काका, मिशी तेवढी सारखी करा,” म्हणाला आणि मान मागे टाकून घोरू लागला.

आता मागे टेकलेली मान, मिटलेले डोळे आणि वर आलेला गाल दिसला, की काकांचा हात काकांना विचारत नाही. काका कॅमेरावाल्याला आपल्या जावयाचे गुण सांगत होते, आणि हात आपला धंदा करत होता. डावा गाल साफ झाल्यावर हाताने त्यावर तुरटीही फिरवली. ती झोंबली तसा नायक जागा झाला.

त्याने आरशात पाहिलं. एका गालावर तिसावा दिवस, दुसऱ्यावर लग्नाचा.

“काका! हे काय केलंत?”

“दोनच मिनिटं,” काकांच्या तोंडून निघून गेलं.

दिग्दर्शक धावत आला, गाल पाहून मटकन खालीच बसला. “आता ही वाढेपर्यंत महिनाभर थांबू का मी?” मग उठून त्याने काकांची अशी काही बिनपाण्याने केली, की काकांनी जन्मात कुणाची पाण्यानेही तशी केली नसेल. शेवटी म्हणाला, “पेटी उचला आणि चालते व्हा!”

काका वस्तरा पुसू लागले. डोळ्यांपुढे काकू उभ्या राहिल्या, तसा त्यांना धीर आला.

“साहेब, चूक माझीच. जातो मी. पण यांचा शिपाई आता करणार काय होता?”

“काय करणार? वाट पाहून डोकं फिरतं त्याचं. खंदकातून उठतो आणि चालू लागतो.”

“मग बरोबर आहे की! वाट बघणारी माणसं माझ्याच बाकावर असतात, साहेब. एकाची बायको बाळंतपणाला दवाखान्यात गेलेली. निरोप येईना, म्हणून मन रमवायला दाढीला बसला. एक गाल झाला आणि हा उठून फेसासकट निघाला. दवाखाना उजवीकडे, हा गेला डावीकडे! वाट बघणाऱ्याच्या हातून काही पुरं होत नाही हो.”

दिग्दर्शक वाकून नायकाचा गाल निरखू लागला. नायकाने आरशात आधी एक गाल पाहिला, मग दुसरा.

“मला तर आत्ताच वेड लागल्यासारखं वाटतंय,” तो म्हणाला.

“तसाच राहा,” दिग्दर्शक ओरडला, “कॅमेरा लावा रे!”

सिनेमा लागला तेव्हा काका-काकू पहिल्याच खेळाला गेले. नाव आलं. पण दाढीमिशीच्या यादीत नाही. ‘कथा-साहाय्य’ या शब्दाखाली, एकट्याचं.

“हे काय हो?” काकू कुजबुजल्या.

“अगं, मोठा मान असतो तो.”

“चुलीत घाला तो मान! मी सगळीकडे दाढ्यांचं सांगून बसलेय. आता लोक म्हणतील, दाढ्या केल्या दुसऱ्यांनीच, आणि आमचे हे तिथेही नुसत्या गोष्टीच सांगत बसले होते!”