नावांपुरती जागा

अनंता विशे लग्नांना इतका विटला होता, की सख्ख्या बहिणीचं लग्न ठरल्याचा निरोप आला तेव्हा त्याच्या डोक्यात पहिला विचार आला तो कॅमेऱ्याच्या बॅटऱ्यांचा. आनंद झाला नाही असं नाही. नम्रता शेंडेफळ, वडील गेल्यावर त्यानेच वाढवलेली. पण चौदा वर्षं दर मोसमात साठ-सत्तर लग्नं डोळ्याला कॅमेरा लावून पाहिलेल्या माणसाला आणखी एका लग्नाचं काय अप्रूप असणार? मिठाईवाल्याला पेढ्याचं असतं तेवढंच.

मुरबाडच्या एसटी स्टँडामागे त्याचं दुकान. चौऱ्याण्णव साली एक जुना व्हिडिओ कॅमेरा घेऊन तो या धंद्यात पडला. तेव्हा शूटिंग मुरबाडला आणि मिक्सिंग, म्हणजे काटछाट करून गाणी टाकणं, कल्याणला, असा कारभार होता. कॅसेट कल्याणला द्यायची आणि मग हेलपाटे घालत बसायचं. एकेक नवरी पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची तरी तिच्या लग्नाची कॅसेट आलेली नसायची. लोक दुकानाच्या पायरीवर उभं राहून विचारत, "अनंता, बारशाचं शूटिंग ह्याच कॅसेटात घेशील का रे?" वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. अनंता हसून वेळ मारून न्यायचा. हसण्याचेही कष्ट पडतात, हे लोकांना कुठे ठाऊक.

मग त्याने स्वतःच कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं. पहिला घेतला तो असेंबल केलेला, म्हणजे ह्याचा डबा, त्याचा पंखा, तिसऱ्याचा पार्ट. तो निम्मं मिक्सिंग झालं की दम सोडायचा. कल्याणहून मेकॅनिक यायचा, झाकण उघडून आत फुंकर मारायचा आणि म्हणायचा, "हा पार्ट त्या पार्टला मानवत नाय." दोन वर्षं अनंताने हे न मानवणं सोसलं. शेवटी दोन हजार चारच्या दिवाळीनंतर तो कल्याणला गेला आणि कंपनीचं तयार मशीन घेऊनच परतला. सगळ्यांत जोरकस प्रोसेसर, दोन मोठ्या हार्ड डिस्क, कॅमेरा थेट जोडायची सोय. खोक्यातून काढायचं, वायर लावायची, चालू करायचं. कोणी कोणाला मानवण्याचा प्रश्नच नाही. दुकानदार म्हणाला, "असलं मशीन मुंबईत पिक्चरवाले वापरतात." अनंताला पिक्चरशी देणंघेणं नव्हतं. त्याला फक्त लवकर घरी जायचं होतं.

जीपवाला म्हणाला, "खोका टपावर टाक." अनंता म्हणाला, "टपावर नाय, मांडीवर घेतो." कल्याण ते मुरबाड तो खोका मांडीवर घेऊन बसला. प्रत्येक खड्ड्याला दोन्ही हातांनी खोका वर उचलून धरायचा, लहान पोराला धरावं तसा. मुरबाडला उतरताना पाय इतके बधिर झाले होते, की शेजारच्या माणसाने आधी खोका घेतला आणि मग अनंताला खाली घेतलं.

आई सकुबाई मुद्दाम गावाहून आली. तिने मशीनला हळदकुंकू लावलं, उंबऱ्यावर नारळ फोडला आणि म्हणाली, "बरं झालं. आता तुझी पाठ तरी वाचंल."

पाठ काही वाचली नाही. ज्या कामाला रात्र लागायची ते दोन तासांत होऊ लागलं हे खरं. पण मशीन जलद झालं तशी माणसंही घाईला आली. पूर्वी महिनाभर थांबणारा आता चौथ्या दिवशी दारात उभा. त्यात मुरबाडला वीज पाच-पाच तास जायची. पिक्चरवाल्यांचं मशीन काळं ठिक्कर पडून बसायचं आणि अनंता त्याच्यासमोर पुठ्ठ्याने वारा घेत बसायचा. आगीतून फुफाट्यात, दुसरं काय.

सकुबाई धवलारीण होती. आसपासच्या गावांत हळद लागायची ती तिच्या धवळ्यांवर, लग्नातल्या गाण्यांवर. मांडवात बसून ती गाऊन देवांना लग्नाचं आवतण द्यायची. गावदेव, वाघोबा, शिवेवरचे देव झाले, की त्या घरची मेलेली माणसं एकेक नावाने बोलवायची. आजे, पणजे आणि त्या घरात नांदून गेलेल्या बायासुद्धा, त्यांच्या माहेरच्या गावासकट. ही नावं ती आदल्या दिवशी घरच्यांना विचारून तोंडपाठ करायची. अक्षराची तिला ओळख नव्हती. स्वतःच्या घरची नावं मात्र तिला कोणाला विचारावी लागत नसत. ती सासूने तिला दिली होती आणि सासूला तिच्या सासूने. बहुतेक लग्नांत मायलेक बरोबरच असायचे. लोक चेष्टा करत, "आई देव बोलावते नि लेक त्यांचे फोटो काढतो."

नव्या मशीनवरचं पहिलं काम घरचंच होतं, धाकटा भाऊ ज्ञानेश्वर याचं लग्न. अनंताने सगळी हौस फेडून घेतली. फुलं पडताना दाखवली, बदामाच्या आकारात नवरा-नवरी बसवली. हळदीत बायांचा गलका होता, भांडी वाजत होती, मधेच कोणीतरी पोरावर ओरडत होतं. पडद्यावर मूळ आवाजाच्या पट्टीशेजारी एक टिक होती. ती काढली की पट्टी गप्प. अनंताने ती काढली आणि वर सिनेमाचं गाणं टाकलं. सगळ्यांच्याच लग्नात तो हे करायचा. करणार नाही तर काय? डीव्हीडी हातात घेताना लोकांचा पहिला प्रश्न असायचा, "गाणी टाकलीस ना?"

घरी सगळ्यांनी मिळून ती डीव्हीडी पाहिली. सकुबाई मांडवात बसून धवळे म्हणतेय, तोंड उघडतंय, मिटतंय, आणि आवाज कुठल्याशा हिरोइनीचा. सकुबाई पदर तोंडाला लावून हसत सुटली. "बघा रं, मी कशी पिक्चरचं गाणं म्हणतंय." सगळं घर हसलं. अनंताही हसला. पुढे त्याला त्या हसण्याची फार लाज वाटली.

दोन हजार सातच्या ज्येष्ठात सकुबाईला लकवा झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डोळे तेवढे पूर्वीसारखे, सगळं कळणारे. आणि पुढच्या वैशाखात नम्रताचं लग्न ठरलं.

गावातल्या बाया मांडवाची कामं वाटून घ्यायला जमल्या. एकीने विचारलं, "धवळे कोण म्हणणार?" दुसऱ्या गावची धवलारीण बोलावता आली असती. गाणं तिलाही येत होतं; पण विशांच्या घरची नावं तिला कोण सांगणार? थोरल्या काकांना तीन नावं आठवली आणि चौथ्यावर ते अडले. बायांची नावं तर कोणालाच ठाऊक नव्हती. त्यांना हाक मारल्याशिवाय ह्या घरात आजवर हळद लागली नव्हती. ज्ञानेश्वर म्हणाला, "टेन्शन कशाला घेता तुमी? माझ्या लग्नात आईने म्हटलंच ना सगळं. दादाच्या मशीनमधी हाय." खाटेवरून सकुबाईने अनंताकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचा घोर उतरलेला त्याला स्पष्ट दिसला.

दुसऱ्या दिवशी दुकानात त्याने मशीन चालू केलं. डीव्हीडी होती, तीत हिरोइनीचं गाणं होतं. मूळ शूटिंग त्याने जागा करायला कधीच पुसलं होतं. एवढी मोठी हार्ड डिस्क, पण ती लोकांच्या लग्नांनी भरायची आणि घरचं काम आधी काढून टाकलं जायचं, कारण घरचे तक्रार करत नाहीत. राहिली टेप. ती सापडली. लेबलावर खोडून खोडून पाच नावं लिहिलेली. ज्ञानेश्वरचं सगळ्यांत पहिलं. त्याच्यानंतर एकावर एक चार लग्नं त्याच टेपवर घेतलेली होती. त्याने तरीही ती टेप पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली. कुणाकुणाच्या वराती नाचत होत्या. अनंता खुर्चीत बसून राहिला. आपल्या हाताने आईचा आवाज पुसला, ह्याहून वाईट काय असतं ते त्याला सुचेना. चूकही अशी, की कोणी त्याला बोल लावला नसता. लोकांनी मागितलं ते त्याने दिलं होतं.

कपाटात एक टेप न पुसलेली निघाली. मागच्या मोसमातली, धसईकडच्या एका घरच्या हळदीची. आई आजारी पडल्यावर त्याला काम करवेना, म्हणून ते लग्न तसंच पडून राहिलं होतं. त्या गिऱ्हाइकाने चारचौघांत त्याची लाज काढली होती. टेप लावली आणि सकुबाईचा आवाज दुकानभर झाला. अनंताला रडू आलं. दुपारची वेळ होती, गिऱ्हाईक येईल म्हणून त्याने शटर अर्धं ओढून घेतलं.

आठ दिवसांनी त्याने ते मशीन रिक्षात घालून गावी आणलं आणि आईच्या खाटेशेजारी मांडलं. "आई, ऐक."

सकुबाईने स्वतःचा आवाज ऐकला. ती हलली नाही, डोळे मात्र भरून आले. गावदेव झाला, वाघोबा झाला, शिवेवरचे देव झाले. मग नावं सुरू झाली, तशी ती डाव्या हाताने खाटेची कड बडवू लागली. घशातून घुरघुर निघाली. अनंताला वाटलं, तिला झटका आला.

त्याची बायको सरिता स्वैपाकघरातून धावत आली. क्षणभर ऐकून म्हणाली, "बंद करा आधी ते. दुसऱ्या घरची मेलेली माणसं हायेत ना ती? आपल्या मांडवात कशी बोलवायची?"

अनंताने बंद केलं. सकुबाईचा हात थांबला.

"नावं काढून टाकतो," तो म्हणाला. "आवाज तुझा ठेवतो, नावं काढतो. आपली तू मनात म्हण." सकुबाईने बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं आणि मान डोलावली.

पिक्चरवाल्यांच्या मशीनने ते काम चुटकीसरशी केलं. धसईकडची माणसं सफाईने निघाली. त्यांच्या जागी अनंताने अर्ध्या मिनिटाची शांतता ठेवली. त्याच्या हिशेबाने तेवढी पुष्कळ होती.

हळदीच्या दिवशी कॅमेरा त्याने शहापूरच्या जैतूकडे दिला. जैतू त्याच्यासारखाच लग्नं काढून काढून थकलेला, भरवशाचा माणूस. मशीन माजघरात होतं, तिथून वायर मांडवातल्या स्पीकरला नेलेली, वीज जनरेटरची. दिवेलागणीच्या आधी नम्रताला पाटावर बसवलं. सकुबाईला खुर्चीत बसवून तिच्या मांडीवर तांदळाचं ताट दिलं. अनंताने डीजेवाल्याला थांबवलं आणि आत जाऊन बटण दाबलं.

मांडवात सकुबाईचा आवाज घुमला तशा बाया एकदम गप्प झाल्या. दोघी-तिघींनी डोळ्याला पदर लावला. देव आले. मग स्पीकर गप्प झाला, आणि सकुबाईने डाव्या हाताने ताटातली तांदळाची चिमूट उचलून नम्रताच्या पाटाशी टाकली. ओठ हलले. घशातून नुसता घोगरा हुंकार आला, शब्द नाही. ते पहिलं नाव होतं. मग दुसरी चिमूट. अनंता माजघराच्या दारातून पाहत होता. सहाव्या नावाला आई अडली, डोळे मिटून आठवू लागली, आणि तेवढ्यात अर्धं मिनिट संपलं. स्पीकरमधून तिचाच आवाज पुढचा धवळा म्हणू लागला. सकुबाईने दचकून वर पाहिलं. चिमूट हातातच राहिली.

अनंता मशीनकडे धावला. बटण दाबून आवाज थांबवला, थोडा मागे घेतला आणि बोट बटणावर ठेवून तिथेच उभा राहिला. बाहेर जनरेटर तेवढा चालू होता. आईला सहावं नाव आठवलं. मग सातवं. तो मोजू लागला. काही हुंकार छोटे, काही लांब. लांब होते ते बायांचे असावेत, माहेरच्या गावासकटचे. पाठ भरून आली, बोटाला रग लागली, पण त्याने बोट हलवलं नाही. अठ्ठावीस झाले. सकुबाईने हात ताटावर टेकला आणि दाराकडे पाहिलं. तेव्हा त्याने बटण दाबलं.

लग्नानंतर दोन महिन्यांनी डीव्हीडी नम्रताच्या सासरी, वाशिंदला पोचली. घरच्या कामाला उशीर ठरलेलाच. संध्याकाळी तिचा फोन आला.

"दादा, सासूबाई विचारतायत, हळदीत मधेच आवाज गेलाय का? कितीतरी वेळ कायच ऐकू येत नाय. गाणं टाकायचं राहिलं काय?"

"नाय राहिलं," अनंता म्हणाला. "तिथं आई बोलते. आवाज वाढवून ऐक."

फोनवर मागे टीव्हीचा खरखराट वाढला, आणि त्यात तो घोगरा हुंकार त्यालाही ऐकू आला. एक, मग दुसरा.

"ऐकलं, दादा," नम्रता म्हणाली. "ते पहिलं नाव कोणाचं हाय?"

"मला नाय माहीत गो," अनंता म्हणाला.