विजेला दिलेला आवाज

गेल्या वर्षी आमच्या काळाचौकीच्या मंडळाने गणपतीत विजेच्या शोधाचा देखावा करायचं ठरवलं आणि तो लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. परळच्या एका मराठी शाळेत मी जन्मभर विज्ञान शिकवलं. शाळा आता बंद पडली, मी निवृत्त झाले, आणि मंडळाची निम्मी कार्यकारिणी माझ्या हाताखालून गेलेली आहे. त्यामुळे 'लिहाल का' असं कुणी विचारलंच नाही. अध्यक्ष घरी आला, पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "बाई, हलता देखावा आहे. बेडूक, पतंग, बल्ब, सगळं हलणार. तुम्ही फक्त लिहून द्या. बोलणार काका."

काका म्हणजे माझा थोरला भाऊ, माझा दादा. गिरणी बंद झाल्यावर तो दादरला कापडाच्या दुकानात लागला आणि तिथूनच निवृत्त झाला, पण आमच्या भागात त्याला ओळखायचे ते आवाजावरून. मंडळाच्या प्रत्येक देखाव्याचं निवेदन त्याचं. पडद्यामागून तो 'भाविकहो' म्हणाला की रांगेतली पोरंटोरंसुद्धा गप्प व्हायची. तो आवाज घरात कधी निघत नसे. घरात दादा मालवणीत बोलायचा, भरभर, अर्धी वाक्यं गिळत, आणि बहुतेक वेळा कुणाची तरी फिरकी घेत.

अध्यक्ष येऊन गेला तेव्हा दादाचा घसा बसून बरेच दिवस झाले होते. समोरच्या टॉवरच्या धुळीला दोष देऊन झाला, थंड पाण्याला देऊन झाला, हळदीचं दूध पिऊन झालं. शेवटी परळच्या इस्पितळात तपासण्या झाल्या. स्वरयंत्रात गाठ होती, कर्करोगाची. डॉक्टरीण वयाने लहान होती, माझ्या विद्यार्थिनींसारखी, पण बोलली सरळ. स्वरयंत्र काढावं लागेल. माणूस वाचेल, आवाज राहणार नाही. श्वासासाठी गळ्याला भोक ठेवावं लागेल.

"म्हंजे बारीक आवाजात बोलतीत?" वहिनीने विचारलं. दादाची बायको ती, माझ्यापेक्षा चारेक वर्षांनी मोठी.

"नाही हो मावशी. त्यांचा स्वतःचा आवाज उरणार नाही," डॉक्टरीण म्हणाली. मग दादाकडे वळून ती म्हणाली, "ऑपरेशनला अजून थोडे दिवस आहेत. जे बोलायचं ते आता बोलून घ्या."

इस्पितळाच्या पायऱ्या उतरताना दादा कठड्याला धरून थांबला. मला वाटलं चक्कर आली. पण तो विचारत होता, "मगे गणपतीत बोलतलो कोण?"

मला त्याचा असा राग आला की मी तशीच पुढे उतरत गेले. गळा कापायला निघालेत आणि याला देखाव्याची पडली आहे. पण आता वाटतं, दुसरा कुठलाही प्रश्न त्याला विचारवलाच नसता.

बातमी चाळीत पसरायला वेळ लागला नाही. मंडळाची मुलं आली, रडवेली झाली आणि मग, आमच्या लोकांचं जे होतं तेच झालं, कामाला लागली. ऑपरेशनआधी काकांचं निवेदन रेकॉर्ड करायचं. लालबागला एकाचा साऊंडचा स्टुडिओ होता, त्याने फुकट द्यायचं कबूल केलं. फक्त माझं लिखाण पूर्ण व्हायला हवं होतं, आणि तोवर दादाचा घसा टिकायला हवा होता.

डॉक्टरीणबाईंच्या म्हणण्याचा अर्थ आम्ही सगळ्यांनी हाच घेतला. बोलून घ्या म्हणजे रेकॉर्ड करून घ्या. आणि रेकॉर्ड करायचं म्हणजे तोवर आवाज राखून ठेवायचा. वहिनीने दादाला मौन दिलं. डॉक्टरांनी असं काही सांगितलं नव्हतं, पण बाप्पाचं काम म्हटल्यावर तिच्या दृष्टीने ते व्रतच होतं. नातवाची पाटी काढून तिने त्याच्या मांडीवर ठेवली. "काय व्हया ता पाटीर लिवा," ती म्हणाली, "आवाज गणपतीक ऱ्हवांदे." दादाने तोंड उघडलं की ती ओठांवर बोट ठेवायची. भेटायला आलेल्यांना ती दारातच बजावायची, त्यांका बोलूक लावू नका. आणि दादा तिचं ऐकायचा. एकदा पाटीवर त्याने मला लिहून दाखवलं, 'लग्नापासून हिला हेच पाहिजे होतं.' आम्ही तिघंही हसलो.

मी घरी बसून लिहीत होते. विजेचा इतिहास मी वर्गात इतक्यांदा सांगितला होता की झोपेतही सांगितला असता. राळेचा खडा लोकरीवर घासला की गवताची काडी ओढतो, हे जुन्या लोकांना ठाऊक होतं. मग काचेच्या बरणीत वीज साठवायला शिकले. एका पाद्र्याने मठातल्या साधूंना लांबलचक रांगेत उभं करून सगळ्यांना एकदम झटका दिला आणि सगळे एकदम उडाले. मुलं इथे नेहमी हसायची. मीही हसवायचे. या वेळी लिहिताना मला त्या इतिहासात मरण तेवढं दिसत होतं. आभाळातली वीज तारेने खोलीत उतरवून मोजायला गेलेला रशियातला एक प्राध्यापक तिच्याच लोळाने जागच्या जागी गेला. इटलीतल्या एका डॉक्टरने मेलेल्या बेडकाच्या पायाला दोन धातू टेकवले, पाय झटकन हलला. त्याला वाटलं वीज बेडकात आहे. दुसरा म्हणाला, धातूंत आहे. त्या भांडणातून तांब्या-जस्ताच्या चकत्या आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यांची पहिली बॅटरी निघाली. त्या डॉक्टरचा भाचा पुढे लंडनला गेला आणि फाशी दिलेल्या माणसाच्या तोंडाला त्याने तारा लावल्या. प्रेताचा जबडा थरथरला, एक डोळा उघडला. बघायला आलेल्यांची दातखीळ बसायची वेळ आली. आवाज मात्र निघाला नाही.

हे लिहून झाल्यावर मी वही मिटून ठेवली.

अध्यक्षाने मजकूर वाचला आणि कान खाजवला. "बाई, प्रेत नको. लोक फॅमिली घेऊन येतात. थोडं पॉझिटिव्ह करा ना." रशियातला प्राध्यापक गेला, फाशीचा माणूस गेला. बेडूक राहिला, कारण बेडकाची मोटर आधीच आणली होती. मग पुन्हा चर्चा झाली. साधूंची रांग वाढवायची की कमी करायची यावर दोन बैठका झाल्या. एकाला 'विद्युत' हवं होतं, एकाला 'वीज'. हे सगळं होईपर्यंत दादा खिडकीशी पाटी घेऊन बसलेला असायचा. मी दिसले की भुवया उडवून विचारायचा, झालं का? मी मानेने सांगायचे, अजून नाही.

रेकॉर्डिंग ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात झालं. दादाने इस्त्रीचा सदरा घातला. वहिनीने दह्याची कवडी हातावर ठेवली. स्टुडिओ म्हणजे एका गाळ्यात गाद्या ठोकून केलेली खोली, आत उकाडा, पंखा बंद, कारण पंख्याचा आवाज येतो. दादाने खाकरून सुरुवात केली आणि मला धक्काच बसला. मौनाचा उपयोग झाला होता. आवाज खरखरत होता, पण होता. बेडकाचा पाय, चकत्यांची बॅटरी, तारेशेजारी आणली की वळणारी होकायंत्राची सुई, वेटोळ्यात सरकवलेलं लोहचुंबक, हे सगळं तो एकेका दमात वाचत गेला. मध्ये एकदा 'बेडकाचा' ऐवजी त्याच्या तोंडून 'बेडकाचो' निघालं. काचेपलीकडचा मुलगा म्हणाला, "चालेल काका, गोड वाटतं." दादाने हात वर करून थांबवलं. नाही चालणार. त्याने ते वाक्य पहिल्यापासून म्हटलं, शुद्ध.

शेवटी टेलिफोन होता. तो शोधणारा माणूस बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवणारा शिक्षक होता, त्याच्या आईलाही नीट ऐकू येत नसे. तारेतून गेलेलं पहिलं बोलणं काही मोठं नव्हतं, शेजारच्या खोलीतल्या मदतनिसाला त्याने नुसतं इकडे बोलावलं होतं. हे वाचताना दादाचा घसा पूर्ण गेला. शेवटचं वाक्य त्याने जवळजवळ कुजबुजत पुरं केलं. साऊंडवाला म्हणाला की त्यावर तो पाऊस आणि ढगांचा गडगडाट टाकेल, कुणाला कळणार नाही.

घरी परतताना टॅक्सीत दादाचा आवाज उरलाच नव्हता. पुढचे दिवस त्याच्या तोंडातून हवा तेवढी यायची. वहिनी म्हणाली, आता विश्रांती घ्या, काम झालं. मग इस्पितळात तो भरती झाला, ऑपरेशन झालं, माणूस वाचला. डॉक्टरीणबाई शब्दाला जागल्या.

गणपतीत दादा घरी होता. गळ्याच्या भोकात नळी, त्यावर जाळीचं फडकं. गर्दीत न्यायला मनाई होती म्हणून तो गॅलरीत खुर्ची टाकून बसायचा. मंडप चाळीच्या तोंडाशीच. दर खेळाला खालून त्याचा आवाज वर यायचा, 'भाविकहो', घुमवलेला, मागे गडगडाट, आणि वर तो स्वतः मांडीवर पाटी घेऊन बसलेला. दिवसभर हे चालायचं. लोक वर बघून त्याला हात जोडायचे. तो मान हलवायचा. पहिल्या दिवशी त्याच्या चेहऱ्यावर आनंद होता, खोटं कशाला सांगू. मग तो खुर्ची आत ओढून बसायला लागला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वहिनीने गॅलरीचं दार लावून घेतलं. आवाज तरी येतच राहिला.

विसर्जन झालं, मंडप उतरला. जखम भरल्यावर डॉक्टरीणबाईंनी एक यंत्र दिलं, छोट्या टॉर्चएवढं. ते गळ्याला टेकवून बटण दाबायचं. ते थरथरतं, ओठ हलवले की त्या थरथरीचे शब्द होतात. सगळ्यांचे सारखेच, गुणगुणणारे, सपाट. विजेचं म्हणाल तर कौतुक करण्यासारखं काम आहे. मी जन्मभर विजेचं कौतुक केलं, पण त्या यंत्राचं मला करता आलं नाही. मला ते ऐकवत नाही.

दिवाळी झाल्यावर एका संध्याकाळी मी गेले तर वहिनी कॉटवर पेनड्राइव्ह घेऊन बसली होती. मंडळाने देखाव्याचा आवाज त्यात भरून, लाल पाकिटात घालून तिला दिला होता. दादा खिडकीशी होता. "बाय, ह्यां तुझ्या लॅपटॉपार लाव," ती म्हणाली. मी लावलं. बेडूक झाला, बॅटरी झाली, टेलिफोन झाला. पाऊस पडला आणि संपला. वहिनी अजून वाट बघत होती.

"ह्यात दुसरा काय नाय?"

"नाही वहिनी, एवढंच आहे."

मग आम्ही फोन धुंडाळले. माझा, तिचा, तिच्या मुलाला बोलावून त्याचाही. आरतीचे व्हिडिओ होते, त्यात पन्नास माणसं ओरडत होती. मुलाच्या लग्नाचा होता, त्यात बँड. नातवाच्या बारशाला दादा कॅमेरा धरून होता आणि दुसरेच बोलत होते. दादाला व्हॉइस नोट पाठवायची सवय नव्हती, तो थेट फोन करायचा. रोज घरात बोलणाऱ्या माणसाचं बोलणं कोण जपून ठेवतं?

"सगळो आवाज त्या बेडकाक नि बल्बाक दिल्यानी," वहिनी म्हणाली. "आणि मिया सांगी होतंय, गप ऱ्हवा, गप ऱ्हवा." ती रडत नव्हती. हिशोब जुळत नसल्यासारखा चेहरा करून ती पेनड्राइव्हकडे बघत होती. मला अध्यक्षाचा, बैठकांचा, माझ्या त्या सुबक वाक्यांचा, सगळ्यांचा संताप आला होता, आणि त्याचा कुणालाच काही उपयोग नव्हता.

दादाने यंत्र गळ्याला लावलं. गुणगुण आली. वहिनीला त्यातलं काही कळलं नाही. तिने माझ्याकडे बघितलं. "काय म्हणतत?"

वर्गात मुलांचं पुटपुटणं समजून घ्यायची जन्माची सवय, त्यामुळे मला कळत होतं. आयुष्य त्याच्याबरोबर काढलेल्या बाईला मी त्याचं बोलणं सांगितलं. "तुला काय ऐकायचं होतं, असं विचारतोय."

"काय नाय," ती म्हणाली. मग पेनड्राइव्ह लाल पाकिटात परत घालत म्हणाली, "दुकानातसून इले की चपला काढूच्या आधी दारातसून इचारीत. काय गो, चाय झाली? ता."

दादाने यंत्र पुन्हा उचललं, जागा चुकली, पुन्हा नीट टेकवलं आणि ते तीन-चार शब्द ओठांनी सावकाश, एकेक करून म्हटले. या वेळी वहिनीने माझ्याकडे बघितलं नाही.

"ठेवतंय," ती म्हणाली आणि उठून मोरीशेजारच्या ओट्याकडे गेली. तिने पातेलं घेतलं, पाणी ओतलं, आणि आमच्याकडे पाठ करून ओट्याला धरून उभी राहिली. गॅस तिने पेटवलाच नाही.