टाकीतली सोलकढी

आमच्या घरात सोलकढी वाढण्याआधी आता माझी उलटतपासणी होते.

"आज स्वयंपाकघरात गेला होतात?" बायको विचारते. "बाटलीक हात लावलंस?" आई विचारते. उत्तरं समाधानकारक वाटली तरच पेले भरले जातात. बाहेर मी बऱ्यापैकी भरवशाचा माणूस समजला जातो. सोसायटीच्या ऑफिसची किल्लीसुद्धा माझ्याकडेच असते! पण घरात ही अवस्था. आणि याला कारण अण्णांची मोटारसायकल.

आमचं घर चारकोपला, सेक्टरातलं बैठं घर. पुढे अंगणाचा तुकडा, त्यावर पत्रा. या जागेला आई पडवी म्हणते, बायको अडगळ म्हणते आणि मी गॅरेज म्हणतो. माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, गिरणीत असताना घेतलेली दोन-स्ट्रोक मोटारसायकल त्यांच्यामागे तिथेच उभी होती. ती बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली. हँडलला कांद्याची माळ, सीटवर वाळत घातलेले पापड. बसण्याखेरीज बाकी सगळ्याला ती उपयोगी पडत होती.

स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि मी घरात जाहीर केलं, "अण्णांची गाडी परत रस्त्यावर आणणार! आणि थोडीशी कस्टमाइझही करणार."

"थोडीशी म्हणजे किती?" बायकोने, म्हणजे शुभदाने, विचारलं.

"हँडल जरा खाली, दिवा जरा मोठा, सीट तपकिरी आणि टाकीवर सोनेरी पट्टी. बस्स."

"आणि इंजिन? ते राहणार ना?"

अशा लोकांकडे दुर्लक्ष करायचं असतं. मी यूट्यूबवर व्हिडिओ बघितले आणि गाडी खोलली. खोलणं मला फारच छान जमतं. कार्ब्युरेटर मिक्सरच्या शेजारी आला, पिस्टन लोणच्याच्या फडताळात गेला आणि चेन मोदकपात्रात डिझेलमध्ये भिजत पडली. (मोदकपात्राचं प्रकरण वेगळं आहे. त्या वर्षी आम्ही बाप्पाला पेढ्यांचा नैवेद्य दाखवला.)

अडलं ते टाकीपाशी. पेट्रोलच्या टाकीत आतून असा गंज, की हलवली की खुळखुळ्यासारखी वाजायची. आधी डिझेलने धुतली, काही फरक नाही. व्हिडिओतला गोरा माणूस म्हणाला, कुठलंही आंबट चालेल, व्हिनेगर घ्या. मी हसलो. अरे, आम्ही मालवणकडचे! आमच्याकडे पितळेची भांडी पिढ्यानपिढ्या कशाने घासतात? आमसुलाने! आणि सोलकढीसाठी गावाहून आलेलं कोकमाचं आगळ, म्हणजे आंबट रस, ओट्याखाली हिरव्या बाटल्यांत उभं होतंच. त्यातली एक बाटली मी टाकीत रिकामी केली, वर मूठभर नटबोल्ट टाकले आणि टाकी मांडीवर घेऊन बाळाला झोपवावं तशी हलवत बसलो.

दुसऱ्या दिवशी टाकी आतून लख्ख! मी खूश. आता एखाद्या शहाण्या माणसाने ते काळंजांभळं पाणी मोरीत ओतलं असतं. पण वस्तू फेकायची म्हटलं की कोकणी माणसाच्या जिवावर येतं. सायलेन्सरही धुवायचा होताच. मी ते सगळं नीट गाळून पुन्हा त्याच हिरव्या बाटलीत भरलं आणि बाटली ओट्याखाली ठेवून दिली, तात्पुरती. आणि मग सायलेन्सर विसरलो, बाटलीही विसरलो.

कारण तोवर घरात वेगळीच धांदल सुरू झाली. आमच्या लेकीने, ऋचाने, लग्न ठरवलं होतं. मुलगा तिच्या ऑफिसातला, सुजात गजभिये. घर घाटकोपरला, मूळचे वर्ध्याकडचे, बौद्ध कुटुंब. वडील पालिकेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे सगळेच त्यांना सर म्हणतात. रविवारी ते तिघं आमच्याकडे जेवायला यायचे होते, पहिल्यांदाच.

शनिवारी ऋचा माझ्यासमोर येऊन बसली.

"बाबा, एक सांगू? सर फार बोलत नाहीत, पण सगळं बघतात. नोकरीला लागले तेव्हा एका घरी त्यांना चहा दिला होता. सगळ्यांना बशीतले कप, त्यांना एकट्याला वेगळा. ते अजून विसरले नाहीयेत. त्यानंतर ते कोणाकडे सहसा जेवत नाहीत. आपल्याकडे येतायत ते माझ्यासाठी."

"अगं, आपल्याकडे असलं काही आहे का?"

"नाहीये, मला माहितीये. त्यांना माहीत नाहीये ना! तू फक्त नॉर्मल वाग. प्लीज."

मी तिला वचन दिलं, की मी इतका नॉर्मल वागेन की लोकांना मी दिसणारसुद्धा नाही.

रविवारी मंडळी आली. सर उंच, शांत, बोलण्याआधी विचार करणारे. त्यांच्या पत्नी कुंदाताई हसऱ्या. सुजात घामाघूम, ऋचा त्याहून. शुभदाने ताटं, वाट्या, पेले सगळे एकसारखे काढले होते. ऋचाने ते पुन्हा तपासले. आईने कोंबडी-वडे केले होते. सरांनी दुसरा वडा घेतला तेव्हा ऋचाने टेबलाखालून माझा हात दाबला. सगळं झकास चाललं होतं. मी नॉर्मल वागत होतो!

तेवढ्यात आईने सोलकढीचे पेले आणून ठेवले आणि मी पापड आणायला म्हणून आत गेलो. ओट्यावर ती हिरवी बाटली पालथी घातलेली होती. धुऊन, निथळत!

पाठोपाठ आत आलेल्या शुभदाला मी विचारलं, "शुभदा, ही बाटली कोणी रिकामी केली?"

"आईंनी. सकाळी सोलकढी करायला बसल्या तेव्हा. का हो?"

का हो! डिझेल, गंज आणि तळाशी साचलेलं अण्णांच्या काळातलं पेट्रोल! वाट लागली! मी पापड टाकून बाहेर धावलो. सरांनी पेला उचलून एक घोट घेतलासुद्धा होता. ते विचार करत होते.

"चव वेगळी आहे," ते म्हणाले. "हॉटेलात मिळते तशी नाही." आणि त्यांनी पेला पुन्हा ओठांकडे नेला.

मी तो त्यांच्या हातातून हिसकावून घेतला.

टेबलावर सगळ्यांचे हात होते तिथे थांबले. कुंदाताईंचं हसू मावळलं. सुजातने वडिलांकडे पाहिलं. सर माझ्याकडे पाहत होते, रागाने नाही, तर हे आधी पाहिलेलं आहे अशा नजरेने. आणि ऋचाचा चेहरा! तो पाहिला आणि मला कळलं, की मी काय केलंय. पहिल्यांदा घरी आलेल्या, याच कुटुंबातल्या, याच माणसाच्या हातातून, सगळ्यांसमोर, मी पेला काढून घेतला होता.

पेला परत द्यावा तर माणूस विषबाधेने जाणार. ओतून टाकावा तर लेकीचं लग्न मोडणार, आणि अशा घरातलं मोडलेलंच बरं असं मलाही वाटलं असतं. डोकं चालेना. एकच गोष्ट सुचली. मी तो पेला तोंडाला लावला आणि गटागटा पिऊन टाकला.

मग कुंदाताईंचा प्यायलो. मग सुजातचा.

"बाबा!" ऋचा किंचाळली.

"छान झालीये," मी म्हणालो. डोळ्यांत पाणी आलं होतं. घशाखाली डिझेल उतरतंय हे मला स्पष्ट जाणवत होतं. जिभेवर गंज होता. नटबोल्टांचीही चव लागली.

आई कौतुकाने बघत होती. "मेल्या, तुका इतकी आवडली तर माका सांगूचा होता! पावण्यांची कित्याक पितंस?" असं म्हणून ती जग घेऊन आली आणि तिने पाहुण्यांचे पेले पुन्हा काठोकाठ भरले!

मी तेही प्यायलो. आई पुन्हा भरायला लागली तशी मी तिच्या हातातून जगच घेतला आणि उभ्या उभ्या तोंडाला लावला. सोलकढी हनुवटीवरून शर्टात उतरत होती. शुभदा खुर्चीवर मटकन बसली. "अहो, काय होतंय तुम्हाला? डॉक्टरला बोलावू का?"

"बोलव!" जग संपवून मी ओरडलो. "सरांसाठी पण बोलव! त्यांनी एक घोट घेतलाय! ती टाकीतली आहे!"

"पाण्याच्या टाकीतली?" सुजातने चाचरत विचारलं.

"पाण्याच्या नाही रे, मोटारसायकलच्या!"

आणि मग मी सगळं सांगितलं. व्हिडिओतला गोरा माणूस, आगळ, नटबोल्ट, हिरवी बाटली. सांगता सांगता मला घाम फुटला होता आणि पोटातून आवाज येत होते. सगळे ऐकत होते. माझं संपल्यावर आई कमरेवर हात ठेवून पुढे आली.

"तुजा डोक्या फिरला काय? ती बाटली मी उघडलंय तर तेका गाडयेचो वास येत होतो! तेची सोलकढी करतलंय मी? तेनी मी समई नि देवाची भांडी घासलंय. कढी मी आमसुला भिजवून केलंय!"

सगळ्यांनी एकदम देवघराकडे पाहिलं. समई अशी चमकत होती, की तिच्यात मी दिसत होतो, जग हातात घेतलेला!

मला इतकं हलकं वाटलं, की मी खालीच बसलो. सर जिवंत राहणार होते! मीही! जिभेवरचा गंज त्याच क्षणी नाहीसा झाला आणि मागे राहिली ती लसणीची छान चव. (डिझेलही गेलं. मनाचे खेळ काय असतात!)

पण सरांचा निकाल अजून यायचा होता. ऋचा त्यांच्याकडे बघत होती, मी ऋचाकडे. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, आली विषबाधा! पण ते हसत होते. मुख्याध्यापक माणूस, आवाज न करता हसत होता. मग आवाज फुटला. चष्मा काढून डोळे पुसले तरी थांबेना.

"खरं सांगू?" शेवटी ते म्हणाले. "तुम्ही पेला घेतला ना, तेव्हा मी आठवत होतो, चपला कुठे काढल्या."

मी मान खाली घातली. "सर, मला माफ करा."

"अहो, ऐका तर. उठणारच होतो. पण तुम्ही माझा उष्टा पेला तोंडाला लावला. म्हटलं, हा माणूस शिवाशिव पाळणारा दिसत नाही. मग हिचा प्यायलात, पोराचाही प्यायलात. म्हटलं, थांबू. याचं नेमकं काय बिघडलंय ते बघून जाऊ."

"आणि जग उचलला तेव्हा?" कुंदाताईंनी पदराने तोंड झाकत विचारलं.

"तेव्हा म्हटलं, पोरगी चांगली आहे. बापाकडे दुर्लक्ष करू."

ऋचा रडत रडत हसत होती. तिने उठून आधी सरांना मिठी मारली आणि मग माझ्या पाठीत एक जोरदार धपका घातला. शनिवारपासून माझ्या छातीवर बसलेलं काहीतरी त्या धपक्याबरोबर उतरलं. इतकं बरं मला मोदकपात्र परत मिळालं असतं तरी वाटलं नसतं!

"आता मला माझी सोलकढी मिळेल का?" सर म्हणाले.

आईने जग उलटा करून दाखवला. त्यात थेंब नव्हता.

जेवणानंतर सरांना ती टाकी बघायचीच होती. मी अभिमानाने तिच्यात बाटलीभर पेट्रोल ओतलं, आणि ते जसं वरून आत गेलं तसं खालून बाहेर आलं. सरांच्या पायांवर. गंज काढल्यावर लक्षात आलं, की टाकीला धरून ठेवणारा तोच होता. मंडळी पाय धुऊन रिक्षाने गेली.

पुढे आम्ही घाटकोपरला गेलो, रीतसर बोलणी करायला. शुभदाने मला वाटेतच बजावलं होतं की कशालाही हात लावायचा नाही. कुंदाताईंनी लिंबाचं सरबत आणलं, एकसारख्या पेल्यांत. मी माझा उचलून ओठांपर्यंत नेला. तेवढ्यात शेजारी बसलेल्या सरांनी हात पुढे केला आणि तो माझ्या हातातून सरळ काढून घेतला.

मी रिकामा हात तसाच धरून बसलो. सरांनी पेला उजेडात धरला, वास घेतला, एक घोट घेतला आणि बराच वेळ विचार केला. मग तोच पेला परत माझ्या हातात दिला.

"चालेल," ते म्हणाले. "तुम्ही बिनधास्त प्या. मी बघितलंय."

मी प्यायलो. ऋचाला त्या घरात सगळ्यांनी पसंत केलं. मला मात्र ते अजून चालवून घेतात!